कोहळ्याला न्हाऊ घालणारे काका

आमच्या घरमालकांची पुरुषांची विचारपूस करण्याची रीत वेगळी होती. फाटकातून पोस्टमन येवो, विजेचं मीटर बघणारा येवो, की माझा नवरा कामावरून परत येवो, ते पडवीतूनच विचारत, "काय, सकाळी जमलं का?" आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी कामाबद्दल विचारतात. मग एके दिवशी पोस्टमनने पिशवी खाली ठेवून सविस्तर उत्तर दिलं. मी जिना उतरत होते ती आवाज न करता परत वर गेले आणि अर्धा तास खाली आले नाही.

बायकांना ते असं विचारत नसत. सल्लाही देत नसत. बायका एकमेकींना सांगतात, पुरुषांचं कोण बघतो, असं त्यांचं म्हणणं. दात दुखला तरी पुरुष भिंतीला पाठ लावून बसणार, आणि राग काढणार तो भलत्याच कुणावर. तीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला होता. चाळीस पुरुष, भोवती पाणी, आणि जेवलास का म्हणून विचारणारं कुणी नाही. ताटात काय उरलं ते बघून माणसाला काय झालंय हे ओळखायला तिथे ते शिकले. भात उरला तर पोट, मासळी उरली तर ताप, आणि सगळंच उरलं तर घरून पत्र आलेलं आहे. रत्नागिरीत परतून चार वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती. मी गाईसाठी बाहेर ठेवलेल्या उष्ट्याकडेसुद्धा त्यांची नजर जाई, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या वाट्याला न मागता आमसुलाचं सार येई.

आजूबाजूचे सगळे त्यांना बोटवाले काका म्हणत. त्यांची बायको मुंबईत मुलीकडे नातवंडं सांभाळायला असायची, मे महिन्यात यायची. हे इथे माडांना पाणी घालत एकटे राहात आणि अख्ख्या वाडीतल्या पुरुषांना धाकात ठेवत. सकाळी उठून अंगणातल्या खरखरीत जांभ्या दगडावर अनवाणी शंभर फेऱ्या. दहाला उकड्या तांदळाची पेज. चहा दोनदाच. विडी ओढणाऱ्याने त्यांच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभं राहायचं आणि बोलायचं असेल ते तिथूनच ओरडून बोलायचं. रिक्षावाल्यांना ते दर दोन तासांनी खाली उतरून कंबर वाकवायला लावत. एरंडेलाची बाटली पडवीच्या खुंटीला टांगलेली असे. "बायका बोलून मोकळ्या होतात," ते मला एकदा म्हणाले, "पुरुषांना एरंडेल द्यावं लागतं." मला हसू आलं होतं, पण मी मान खाली घातली. तेव्हा मी त्यांच्याशी चार शब्दांवर बोलत नसे.

माझं सगळं शिक्षण मुंबईला, इंग्रजी शाळेत झालं. लग्नानंतर नवऱ्याला मिरजोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आलो. वाडीतल्या बायका माझ्याशी प्रेमाने बोलत, पण मध्येच एखादा शब्द असा यायचा की मी नुसती मान हलवायची. दिवस गेल्यावर तर असे शब्द फारच वाढले. माझ्याकडे बाळाच्या संगोपनाचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात बाळाला गुलाबी टबात बसवून स्पंजने आंघोळ घालत होते. तसला टब रत्नागिरीत कुठे मिळतो हे विचारायची मला लाज वाटली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईचं ऑपरेशन झालं होतं आणि ती स्वतःच अंथरुणात होती. सासूबाई सासऱ्यांचं आजारपण सोडून येऊ शकत नव्हत्या. म्हणजे आम्ही दोघंच.

हे कळल्यावर काकांनी एका रविवारी माझ्या नवऱ्याला खाली बोलावलं. नवरा यंत्रांवर देखरेख करायचा, त्यामुळे काका त्याला 'इंजिनेर' म्हणत. विहिरीजवळ पाट मांडला होता. शेजारी गरम पाण्याची बादली, वाटीत खोबरेल, ताटलीत डाळीचं पीठ, आणि पंचात गुंडाळलेला एक मध्यम आकाराचा कोहळा.

मी वरच्या खिडकीत होते. नवऱ्याबरोबर आणखी दोघे होते: कोपऱ्यावरचा रिक्षावाला, ज्याची बायको नाटे गावी माहेरी बाळंत झाली होती आणि पुढच्या आठवड्यात परत यायची होती, आणि एक तरुण खलाशी, ज्याला बोटीवर जायला दोन महिने होते आणि बाप व्हायला एक. काकांनी एकेकाला पाटावर पाय सोडून बसवलं, पँटी गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावल्या आणि नडग्यांवर कोहळा ठेवला. आधी तेल. मग पीठ. पाणी थेट ओतायचं नाही, आपल्या तळहातावर घ्यायचं आणि तळहातावरून बाळावर सोडायचं. डोळ्यांवर हाताचा आडोसा. एक हात कायम बाळावर, घर पडलं तरी काढायचा नाही.

"काका, याला मान कुठे आहे?" नवऱ्याने विचारलं.

"जिथे तुला भीती वाटेल तिथे मान," काका म्हणाले. "धर नीट."

कोहळ्यावरची पांढरी भुकटी तेलात मिसळली की तो साबणासारखा निसटतो. पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याच्या हातून पाण्याच्या दगडी दोणीच्या कडेवर आपटून फुटला. ज्याच्या हातून फुटेल त्याने तो घरी नेऊन खायचा आणि पुढच्या रविवारी नवा आणायचा असा नियम होता. "पोर संभाळायला आलास की भाजी न्यायला?" खलाशाने त्याला विचारलं, आणि तिसऱ्या रविवारी स्वतः दोन फोडले. माझा नवरा या सगळ्याची वर येऊन नक्कल करी. पण त्याच्या हातून एकही फुटला नाही. पाटावर बसला की तो कारखान्यात बसल्यासारखा गंभीर होई, आणि मला खिडकीतून बघताना बरं वाटे.

काकांचं म्हणणं होतं की बाळंतिणीइतकंच बापालाही जपावं लागतं. झोप जाते, पोट बिघडतं, आणि तो कुणाला सांगत नाही. म्हणून मी मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी आले तेव्हा आळिवाचे लाडू दोघांसाठी वेगवेगळ्या डब्यांत तयार होते. नवऱ्याचा डबा माझ्याआधी संपला. बापाने दुपारी वेळ मिळेल तेव्हा निजावं, हलकं जेवावं, कुळथाची पिठी आणि भात, आणि रोज थोडा वेळ सदरा काढून बाळाला छातीवर घेऊन बसावं. "तुझ्या अंगाचा वास तिला कळू दे," ते त्याला म्हणाले. "पगार कळायला अजून वेळ आहे."

बाळाच्या बाबतीत त्यांचे कायदे दोनच होते आणि ते साऱ्या वाडीच्या विरोधात होते. येणाऱ्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि आईच्या दुधाखेरीज बाळाच्या तोंडात काही जायचं नाही. जिन्याच्या पायथ्याशी ते साबण आणि तांब्या घेऊन बसत. शेजारच्या म्हाताऱ्या आजी बोटावर मध घेऊन आल्या तेव्हा काका उठून उभे राहिले.

"मध तुम्ही खा, आजी. खोकला तुम्हाला आहे."

आजींनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग मुलीच्या बारशाला आल्या, आणि आल्या तेव्हा हात धुऊन आल्या.

त्याच सुमारास मुलगी जराशी पिवळी दिसायला लागली होती. वाडीतून पाच औषधं सुचवली गेली. काकांनी तिला दारात, उजेडात बघितलं आणि चपला घातल्या. "ह्ये माझ्या पोथीतलं नाय," म्हणाले आणि रिक्षा घेऊन आले. डॉक्टरांनी तपासून काळजी नाही म्हणून सांगितलं आणि दोन दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं. काका दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. असं मी तोपर्यंत धरून चालले होते.

मुलीला आंघोळ घालायला खालच्या आळीतली एक बाई येत होती. हात इतका सराईत की मुलगी तिच्या पायांवरच झोपून जाई. नवरा या वेळी घरात नसे. खरं तर तो कुठल्याच वेळी घरात नसे. मी घरी आले त्या आठवड्यापासून त्याचं काम वाढलं होतं. सकाळी साडेसहाला जायचा, रात्री जेवायच्या वेळेला यायचा, बाळ झोपलेलं असलं तर लांबून बघायचा आणि जागं असलं तरी लांबूनच बघायचा. छातीवर घेऊन बसणं दोन दिवसांत संपलं होतं. कारखान्यात मोठी ऑर्डर आहे, असं तो सांगे. एकदा त्याच्या सहकाऱ्याची बायको बाळाला बघायला आली होती. ती सहज म्हणाली, तुमचे मिस्टर किती कष्टाळू, इतर लोक जादा कामाला नको म्हणतात आणि हे स्वतःहून मागून घेतात. मी म्हणाले, "हो, मला माहीत आहे." मला माहीत नव्हतं.

मी त्याला काही बोलले नाही. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता, एवढं मला दिसत होतं. पण मीही घाबरलेली होते आणि मला जायला कारखाना नव्हता.

काकांनी मात्र ताटं बघितली असणार. एका संध्याकाळी सार द्यायला आले तेव्हा दारातच थांबले.

"इंजिनेर पळतो, गो," ते हळू म्हणाले. "बोटीवर वादळ आलं की सगळ्यांना एकदम भांडी घासायची असत. घाबरलेला पुरुष काम शोधतो. तू त्याला हाक मार."

मी मान हलवली. हाक मारली नाही.

मुलगी साडेतीन आठवड्यांची झाली आणि आंघोळ घालणारी बाई स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणासाठी मालगुंडला निघून गेली. पंधरा दिवसांनी येते म्हणाली. दुसरी बाई बघ असं मी नवऱ्याला सांगितलं, तो बघतो म्हणाला आणि कामावर गेला. मी इंग्रजी पुस्तक उघडलं. मग घंगाळात पाणी घेतलं, मुलीला हातावर घेतलं, आणि तिने अंग ताणल्याबरोबर ती निसटतेय असं वाटून मी तिला परत गादीवर ठेवलं. त्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून काढलं. दुसऱ्या दिवशीही. चार दिवस मी तिला नुसती पुसत होते. तिच्या मानेच्या वळ्यांत दूध जाऊन आंबूस वास यायला लागला आणि चौथ्या दिवशी तिथे लाल झालेलं दिसलं. हात लावला की ती कळवळून रडायची. मी हे कुणालाही सांगितलं नाही. आईशी ट्रंक कॉलवर बोलणं झालं तेव्हा सगळं छान आहे म्हणाले.

पाचवा दिवस रविवार होता. नवरा बूट घालत होता. रविवारीसुद्धा कारखान्याची जीप त्याला न्यायला येणार होती. मी मुलीला दुपट्यात घेतलं, त्याच्या शेजारून जिना उतरले आणि पडवीत काकांसमोर जाऊन उभी राहिले. दुपटं बाजूला करून तिची मान दाखवली.

"काका," मी म्हणाले, "आज तुम्ही हिला न्हाऊ घाला."

काकांनी मानेकडे बघितलं. मग माझ्याकडे. ते खाटेवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, लहान मुलं घेतात तसे.

"मी न्हाणलेलं नाय गो," ते म्हणाले. "एकपण पोर न्हाणलेलं नाय. ना पोरगी, ना नातवंडं. मी बोटीवर."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पोरं न्हाऊ घातली असणारच, असं सगळी वाडी धरून चालली होती. ज्या माणसाने पंचवीस-तीस बापांना शिकवलं, त्याला कुणी कसं विचारणार? मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, विहिरीकडे बघत. मुलगी झाली तेव्हा ते लांबच्या बंदरात होते. बायकोला लिहिता येत नव्हतं. शाळेतल्या मास्तरांच्या ओटीवर बसून ती पत्र सांगायची आणि मास्तर लिहून घ्यायचे. यांनी पत्रातून विचारलं, दिवसभर पोरीचं काय काय करतेस ते सगळं लिही. परक्या माणसासमोर बसून ती बिचारी काय सांगणार? तिने आंघोळ सांगितली. आधी तेल, मग पीठ, पाणी तळहातावरून, एक हात कायम बाळावर. दर पत्रात तेच, थोडं अधिक बारकाईने. यांनी ती पत्रं पाठ केली. बोटीच्या स्वयंपाकघरात कोहळा घेऊन बसले आणि घरी गेल्यावर चुकू नये म्हणून रोज सराव केला. घरी पोचले तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. आईच्या पाठीमागे लपून ती यांना मामा म्हणाली. तोवर तांब्याने अंगावर पाणी तिचं तीच ओतून घ्यायला लागली होती.

"मग शिकवतो झालं," काका म्हणाले. "ज्याला इथे राहायला मिळतं त्याला."

मी वळले तर नवरा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. बूट घातलेले, डबा हातात. त्याने सगळं ऐकलं होतं. मुलगी रडायला लागली. मला काहीतरी मोठं, समजुतीचं बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं:

"आज जाऊ नकोस. मला जमत नाहीये."

त्याने फाटकाकडे बघितलं. मग डबा पायरीवर ठेवला, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

पाणी काकांनी तापवलं. पाट मी मांडला. नवऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, कोपरापर्यंत हात धुतले, पाय सोडून बसला आणि मी मुलीला त्याच्या नडग्यांवर ठेवलं. तिचं डोकं किंचित कलंडलं, आणि मी काही म्हणायच्या आत त्याचा हात मानेखाली गेलेला होता. काका पाठमोरे उभे होते. तोंड गडग्याकडे, डोळे मिटलेले, आणि अगदी सावकाश, वाचून दाखवल्यासारखे सांगत होते: आता तेल. आता पोट, गोल. आता वळ्या, घासायचं नाय, नुसतं बोट फिरव. नवरा त्यांच्या शब्दाबरोबर हात फिरवत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पहिलं पाणी अंगावरून गेलं तशी मुलगी किंचाळली. दुसऱ्याला थांबली. तिसऱ्याला तिने मुठी उघडल्या.

फाटकाशी जीप आली आणि हॉर्न वाजला. नवऱ्याने मान वर केली नाही.

"काका, त्याला सांगता का, मी येत नाही म्हणून."

"काय सांगू? बरं नाय?"

"सांगा, मुलीची आंघोळ आहे."

काका फाटकापर्यंत गेले आणि जरुरीपेक्षा बरंच मोठ्याने ते सांगून आले. ड्रायव्हरला त्यांनी जाता जाता सकाळी जमलं का तेही विचारलं असावं, कारण जीप निघायला जरा वेळ लागला.

परत येऊन काका पुन्हा पाठमोरे, डोळे मिटून उभे राहिले, आणि शेवटचं पाणी झालं. नवऱ्याने तिला पंचात घेतलं, वळीवळीतून टिपून कोरडं केलं, लाल झालेल्या जागेवर फुंकर घातली आणि तिला दोन्ही हातांत धरून बसून राहिला. त्याची पँट भिजली होती, सदरा भिजला होता. त्याला उठायची घाई दिसत नव्हती.

"काका, आता पुढे काय करायचं?" त्याने विचारलं.

काकांनी डोळे उघडले आणि वळून आमच्याकडे बघितलं.

"ते मला ठाऊक नाय," ते म्हणाले. "पत्र इथे संपायचं. 'पोरीला पुसून घेतली. बाकी सर्व क्षेम.' नेहमी तेवढंच. मी एकदा विचारलंसुद्धा होतं की पुढे काय. तिने लिहिलंच नाय."

मुलगी आता रडत नव्हती. डोळे मिटून तोंड इकडून तिकडे वळवत होती, पंचाची कड ओठात धरायला बघत होती. मास्तरांच्या ओटीवर बसलेली काकांची बायको मला दिसली. परक्या माणसासमोर पदर सावरून ती तिथेच का थांबली असेल तेही कळलं.

"द्या तिला इकडे," मी म्हणाले. "पुढचं मला येतं."

मी तिला नवऱ्याच्या हातून घेतलं, दोघा पुरुषांना विहिरीपाशी ठेवून वर गेले आणि दार लोटून घेतलं.